भाजलेलं वजें

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की विमलाचे हात वाड्यावर कुणाच्या ना कुणाच्या घरी अडकलेले असत. त्या वर्षी ज्या घरची मुलगी लग्न होऊन गेली, त्या घरचं बोलावणं ठरलेलं. लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला मुलीच्या सासरी वजें पाठवतात. नेवऱ्या, लाडू, खाजें, नारळ, केळ्यांचा घड, काकड्या, सगळं पाट्या भरून. सासरची माणसं ते आपल्या वाड्यावर घरोघर वाटतात, सुनेच्या घरून आलं म्हणून सांगतात, आणि ते खाता खाता लोक सुनेला त्या घरची मानू लागतात. बाहेर करंजी म्हणतात तिला इथं नेवरी म्हणतात. विमलानं मुरड घातलेली नेवरी कढईत फुटत नाही, हे धारगळात सगळ्यांना ठाऊक होतं. तीस वर्षं तिनं दुसऱ्यांच्या मुलींसाठी काठ मुरडले होते.

तिचं स्वतःचं वजें मात्र फुटकं आलं होतं. वाळपईच्या पलीकडच्या गावातून तिचा बाप दोन बस बदलून ते घेऊन आला होता. एकच पाटी. वरून पाऊस, खाली गर्दी. पाटी उघडली तेव्हा निम्म्या नेवऱ्यांचा चुरा झाला होता. सासूनं काही बोलून दाखवलं नाही. तिनं पाटीवर फडकं टाकलं आणि ती आत नेऊन ठेवली. वाड्यावर काहीच वाटलं गेलं नाही. पुढं कित्येक वर्षं विमलाला लोक सदाशिवची बायको म्हणत, अमक्या घरची सून असं कुणी म्हटलं नाही. पुढच्या चवथीपासून ती मुरड घालायला शिकली. कुणी शिकवलं नाही. ती करत गेली, फुटत गेलं, आणि एका वर्षी फुटायचं थांबलं.

आता तिची स्वतःची मुलगी होती, अंकिता. एकुलती एक. माघात तिचं लग्न झालं, डिचोलीकडच्या नार्व्यात, गौरेशशी. मुलगा कारखान्यात नोकरीला, घर नदीजवळ, सप्तकोटेश्वराच्या देवळापासून चालत दहा मिनिटांवर. आषाढात अंकिता चार दिवसांसाठी म्हणून एक बॅग घेऊन माहेरी आली. चार दिवस झाले. आषाढ संपला, श्रावण संपत आला. तिला न्यायला कुणी आलं नाही आणि ती स्वतःहून बॅग भरेना.

पहिले पंधरा दिवस विमलानं विचारलं नाही. मग एका दुपारी तांदूळ निवडता निवडता विचारलं, "मारता काय गो तुका?"

"नाय."

"पिता?"

"नाय."

"मगे?"

अंकितानं सुपातला एक खडा उचलला, जनेलातून बाहेर टाकला. "तो माझ्यावांगडा बोलणा नाय."

"रागावलो आसतलो."

"रागावणा नाय गो. भांडणा नाय. जेवण वाढलां की जेवता, दिवो घालवता, पाठ करून निजता. पाच म्हयने. मी घरात आसंय काय नाय, ह्यां त्याका खबरच नाय असा."

विमलानं सूप पुढं ओढलं. तिला खरंच कळलं नाही. सदाशिव कदंबच्या बसवर तीस वर्षं कंडक्टर होता. दिवसभर लोकांशी बोलून बोलून घरी यायचा आणि मग बोलायचा नाही. भात, पाणी, दार लाव, एवढंच. त्यात सांगण्यासारखं काय असतं, ते तिला कधी सुचलं नव्हतं. ती म्हणाली, "पुरुष तसलेच असतत."

अंकितानं तिच्याकडं पाहिलं. ती नजर विमलाला नंतर बरेच दिवस आठवत राहिली. ज्या दारावर थाप मारायची ते दार नुसतं भिंतीवर रंगवलेलं आहे, हे कळल्यावर माणूस जसं पाहील, तसं तिनं पाहिलं. आणि उठून गेली.

त्यानंतर त्या विषयावर घरात कुणी शब्द काढला नाही.

पण चवथ थांबत नाही. वाड्यावरच्या बायका विचारू लागल्या. विमलावैनी, यंदा तुझ्याच घरचं वजें, किती पाट्या? आम्ही कधी येऊ मुरड घालायला? आणि अंकिता अजून इथंच कशी गो? विमला सांगायची, तिचा कसलासा कॉम्प्युटरचा कोर्स चालू आहे म्हापशाला. बायका बरं बरं म्हणायच्या. त्या बरं बरं मधला दुसरा बरं पहिल्यापेक्षा हळू असायचा.

एका सकाळी तिनं सदाशिवला सांगितलं, "वजें धाडूचां."

सदाशिव पेपर वाचत होता. त्यानं पेपर खाली केला नाही. "चेडू हंय आनी वजें थंय?"

"वजें गेलां, तेंनी घेतलां, वाड्यार वाटलां, म्हणजे ती तेंची झाली. मगे न्हेऊक येतलेच. लोकांक तोंड दाखवूचां आसता तेंकाय."

तो पुढं काही बोलला नाही. विमलानं ते हो धरलं. त्याच्याशी संसार तिनं असाच केला होता, न बोललेलं सगळं हो धरून.

नेवऱ्या तर ती झोपेतही करील. पण ह्या वेळी तिच्या मनानं दुसरंच घेतलं. साखरपुड्यानंतर अंकितानं गौरेशसाठी घरी चॉकलेट चिप कुकीज भाजल्या होत्या, पहिल्या पगारातून घेतलेल्या छोट्या ओव्हनमध्ये. नारळाच्या आणि माडाच्या आकाराच्या. त्यानं डबा संपवला आणि फोनवर लिहिलं, मस्त होत्या, परत कर. तो मजकूर अंकितानं तेव्हा आईला दाखवला होता, लाजत, हातानं बाकीचा फोन झाकून. गौरेशनं अंकिताच्या कुठल्या गोष्टीला चांगलं म्हटल्याचं विमलाला ठाऊक होतं ते तेवढंच. नेवऱ्या लोकांसाठी. पण त्याच्यासाठी काहीतरी गेलं पाहिजे, हातात घेतल्यावर त्याला आठवेल असं.

तिनं अंकिताला विचारलं. अंकिता खाटेवर पडून होती.

"मी करूचंय नाय," ती म्हणाली.

"चवथीचे आकार करूया. उंदीर, मोदक, आंब्याचा पान."

"तू कर. वही फळीर आसा."

वही मिळाली. अंकिताच्या बारीक अक्षरात सगळं लिहिलेलं होतं. मैदा, लोणी, पिठीसाखर, गूळ पावडर, अंडं. अंडं तर बादच, गणपतीच्या दिवसांत. त्याच्या जागी विमलानं दूध धरलं. बाकी सगळं तिनं वाचलं आणि मनात म्हटलं, पीठ ते पीठ. त्यात नवीन काय असायचं?

आणि तिथंच चुकली. नेवरीच्या पारीला कडकडीत तुपाचं मोहन घालतात. मैद्यात खड्डा करायचा, तूप चुर्र करून ओतायचं, हात भाजत भाजत चोळायचं, म्हणजे पारी खुसखुशीत होते. तीस वर्षांच्या सवयीनं तिनं लोणी वितळवलं, चांगलं तापवलं, मैद्यावर ओतलं आणि त्यावर लगेच चॉकलेटचे दाणे टाकले. तिच्या डोळ्यांदेखत दाणे गळाले. बोटांमधून काळं, चिकट काहीतरी वाहू लागलं. पीठ तपकिरी झालं, मग त्याला तेल सुटलं. ती तशीच उभी राहिली, दोन्ही हात वर धरून, रस्त्यावर अपघात झाल्यावर लोक उभे राहतात तशी.

दुसऱ्या दिवशी लोणी थंड घेतलं. उंदीर कापायला साचा नव्हता. नेवरीचे काठ कातायची पितळी फिरकी होती, तिच्या आईची. त्या फिरकीनंच तिनं पोळीतून उंदीर काढले, एकेक, हातानं, पाठ, पोट, शेपूट. ट्रेमध्ये बारा उंदीर एकमेकांकडं तोंड करून बसले. ओव्हनच्या काचेतून ती बघत राहिली. तीन मिनिटं ते उंदीर होते. मग त्यांच्या पाठी ढिल्या पडल्या, शेपट्या पसरून दुसऱ्याच्या पोटात शिरल्या, आणि शेवटी ट्रेमध्ये एकच मोठी, उकलत गेलेली भाकरी उरली, जिला बारा पोटं होती.

अंकिता पाणी प्यायला आत आली होती. तिनं काचेतून पाहिलं. "फ्रिजात ठेवूक व्हयां पीठ. अर्धो तास," म्हणाली, आणि पेला पालथा घालून गेली.

तेवढंच. पण विमलाला त्यात आशा दिसली. मुलगी सांगते आहे म्हणजे तिलाही हवंय. एवढ्याशा दोऱ्याला माणूस किती वजन बांधतो!

तिसऱ्या दिवशी पीठ फ्रिजमध्ये ठेवलं. आता आकार राहत होता, पण फिरकी चॉकलेटच्या दाण्यावर आली की अडकायची आणि शेपूट तुटायची. मग ती अडाळो, म्हणजे विळी, घेऊन बसली, नारळ खवायचा आणि मासे चिरायचा तोच अडाळो, नव्यानं चिंचेनं घासून घेतलेला. पात्यावर तिनं एकेक दाणा बारीक चिरला. पोळीच्या कडेचे दाणे नखानं काढले, आकार कापून झाल्यावर मधल्या जागेत दाबून बसवले. एक दाणा आख्खा ठेवला, डोळ्यासाठी. उंदरांच्या कडा फिरकीमुळं दातऱ्या झाल्या. ट्रे बाहेर आला तेव्हा तिनं बोटानं एकाच्या पाठीवर दाबून पाहिलं. घट्ट होता. उंदीरच होता. कडेनं नेवरी आणि मधून उंदीर.

चार दिवस ती दिवसभर भाजत राहिली. मोदक, पानं, उंदीर. चवीला एकही तोडला नाही. चवथीचं देवाला दाखवायच्या आधी चाखत नाहीत. थंड झाल्यावर ती डब्यात कागदाचे थर देऊन ते रचायची, एखाद्याला झोपवावं तसे. घरात लोण्याचा, साखरेचा वास भरला होता. बाहेर हमरस्त्यावरून विमानतळाकडच्या गाड्या एकामागून एक जात होत्या आणि त्या वासात डिझेल मिसळत होतं.

शेवटच्या ट्रेच्या वेळी अंकिता आली. मेजावरच्या जाळीवरून तिनं एक उंदीर उचलला आणि डोक्याकडून खाल्ला.

"गो, देवाक दाखवच्या आधी!" विमला ओरडली.

अंकिता सावकाश चावत राहिली. आख्खा संपवला. मग बोटं पुसत म्हणाली, "चांगलो झालो हा. माझ्यापरस चांगलो."

ते कौतुक होतं. पण मुलीच्या आवाजात चव नव्हती. ती परीक्षकासारखी बोलली होती, आपलं ह्यात काहीच नाही अशा माणसासारखी.

चवथीला दोन दिवस असताना वाड्यावरच्या सुदेशनं आपली व्हॅन काढली. चार पाट्या, केळ्यांचा घड, आणि कुकीजचे तीन डबे विमलाच्या मांडीवर. सदाशिव आला नाही. गुडघा दुखतो म्हणाला. अंकिता दारात उभी होती. विमलानं खिडकीतून विचारलं, "तेका काय सांगू?"

"कोणाक?"

विमलानं डबे मांडीवर नीट धरले. गाडी निघाली.

कोलवाळचा पूल, थिवी, अस्नोडा. सुदेश बोलत होता. कुठं रस्ता उखडला, कुठल्या वाड्याचा गणपती यंदा एकवीस दिवसांचा, गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं टांगायच्या माटोळीला कुणी काय काय रानातून आणलं. विमला हूं हूं करत होती. मनात ती एकच वाक्य घोळवत होती. अंकिताला ताप आहे, म्हणून आली नाही. अंकिताला ताप आहे. कोर्सचं नार्व्याला चालणार नाही, ताप बरा. डिचोली आली तोवर ते वाक्य इतकं गुळगुळीत झालं होतं की तिला खरंच अंकिताच्या कपाळाचा चटका हाताला जाणवू लागला.

नार्व्याला व्हॅन थांबली आणि गौरेशची आई प्रेमावती पायऱ्या उतरून आली. मागं शेजारच्या चार बायका होत्या, वजें बघायला जमलेल्या. प्रेमावतीनं विमलाला कुंकू लावलं, हात धरला, आणि विमला तोंड उघडायच्या आत मागं वळून मोठ्यानं म्हणाली, "अंकिताला ताप आहे हो. म्हणून विहीणबाई एकट्या आल्या. मीच सांगितलं, प्रवास नको."

विमलाचं वाक्य तिच्या तोंडातच राहिलं. तिचा ताप दुसरीच्या तोंडून बाहेर आला होता, तसाच गुळगुळीत.

पाट्या आत गेल्या. बायकांनी वाकून वाकून पाहिलं. नेवऱ्यांच्या मुरडीला वाहवा मिळाली. पाण्याचं तांब्या-भांडं आलं. मग प्रेमावतीनं विमलाला स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटलं.

"गौरेश?" विमलानं विचारलं. कुकीजचे डबे तिनं अजून हातातच धरले होते. "हे त्याच्यासाठी. त्याला आवडतात."

प्रेमावती चुलीच्या कट्ट्याला टेकली. जाड, गोरी बाई. चेहरा सुजल्यासारखा. "विहीणबाई, तो नाही इथं. नागपंचमीला गेला. बोटीवर नोकरी धरली. आता आठ-नऊ महिने तिकडंच."

"सांगून गेला?"

"जाताना म्हणाला, धारगळच्या लोकांना सांग, वाट बघू नका. आल्यावर काय ते लिहून देतो म्हणाला." तिनं लोटलेल्या दाराकडं पाहिलं. "लग्नाला तो नाहीच म्हणत होता. मीच मागं लागले. वाटलं, बायको आली की बोलायला लागेल. माझ्याशी पण तो बारावीपासून बोलत नाही. जेवण वाढते, जेवतो."

बाहेर बायकांचं हसणं ऐकू येत होतं. ओट्यावर काकड्या पडल्या होत्या. विमला त्या काकड्यांकडं बघत राहिली. त्यांच्यावर अजून धारगळची माती होती.

"मी कुणाला सांगितलं नाही," प्रेमावती म्हणाली. "वाड्यावर सगळ्यांना वाटतं तो कामाला गेलाय, सून माहेरी विसाव्याला. तुम्ही वजें आणलंत, माझी अब्रू राखलीत. मी आठ दिवस झोपले नव्हते. वजें आलंच नसतं तर काय सांगणार होते?" तिनं विमलाचे दोन्ही हात धरले, डब्यांसकट. "आता एवढं करा. वाटायला माझ्याबरोबर चला. तुम्ही बरोबर असलात की लोकांना खरं वाटेल."

त्या क्षणी विमलाला म्हणता आलं असतं. डबे घेऊन मी परत जाते, असं. किंवा तिथंच खाली बसून रडता आलं असतं. तिच्या मनात आलं ते हे, की वजें वाटलं जाणार. तिच्या मुलीच्या नावानं घरोघर. फडक्याखाली झाकून आत ठेवलं जाणार नाही. एवढंच तिला दिसलं. तिनं मान हलवली.

दोघी निघाल्या. प्रेमावतीच्या हातात नेवऱ्या-लाडवांचं ताट, विमलाच्या हातात कुकीजचं. पावसाची भुरभुर होती, ताटांवर केळीची पानं. पहिल्या घरी विमलानं नुसतं ताट पुढं केलं. दुसऱ्या घरी तिनं सांगितलं, ताप उतरतोय आता. तिसऱ्या घरी सांगितलं, सारखी नार्व्याची आठवण काढते. प्रत्येक घरी थोडं थोडं वाढत गेलं आणि प्रत्येक घरी ते आधीपेक्षा सोपं गेलं. चौथ्या घराच्या पडवीत एक म्हातारी बसली होती. तिनं ताटातला उंदीर डोळ्यांजवळ नेला.

"हें कितें गो?"

"उंदीर, आजी. चवथीचो."

"नेवऱ्यो करूंक कंटाळो आयलो व्हय? हीं पोदेराचीं बिस्कुटां." पोदेर म्हणजे पाववाला. घरातल्या सुना हसल्या. म्हातारीला चेव आला. "आनी गणपतीचो उंदीर तुमी खाल्लो जाल्यार तो घरा कसो वतलो? बशीन?"

गणपती बसनं घरी निघालेला डोळ्यांपुढं येऊन सगळ्या हसल्या. प्रेमावती हसली, विमलाही हसली. हसताना तिचं तिलाच नवल वाटलं, की तोंड असं सगळ्यांबरोबर उघडतं, आणि आत काहीच नसतं. म्हातारीनं तोपर्यंत देवाची वाट न बघता उंदराची शेपूट चोखायला घेतली होती. "गोड आसा पूण," ती म्हणाली.

शेवटचं घर देवळाकडच्या वाटेवर होतं. तिथली गौरवी नावाची तरुण सून अंकिताच्या वयाची, दोघी एकमेकींना फोनवर लिहीत असत. तिची सासू मोठी बोलकी. तिनं कुकी घेतली, प्रेमावतीकडं पाहिलं, मग विमलाकडं, आणि डोळे बारीक करून म्हणाली, "ताप म्हणतात, ताप. पहिल्या वर्साचो ताप आमकां खबर आसा हां, व्हंयबाय! खरें सांगा. ताप काय दुसरें कितें?"

अशा प्रश्नाला ह्या भागात मुलीची आई तोंडानं होय म्हणत नाही. मुलीला दिवस गेलेले नसतील तर चटकन नाही गो म्हणते. गेले असतील तर मान खाली घालते आणि गप्प राहते, कारण तीन महिने होईपर्यंत ते बोलायचं नसतं. तिथल्या सगळ्या बायकांना हे माहीत होतं. विमलालाही माहीत होतं. तिला नाही म्हणायचं होतं. पण त्या दिवशी ती इतकं खोटं बोलली होती की खऱ्यासाठी तोंडात जागाच उरली नव्हती. तिला एकदम फार थकवा आला. तिनं मान खाली घातली, नुसती, रिकाम्या होत आलेल्या ताटाकडं पाहायला.

"अगो बाय!" ती बाई टाळी वाजवून ओरडली. "गौरवी, साखर हाड!"

विमलानं मान वर केली तेव्हा उशीर झाला होता. गौरवी साखरेची वाटी घेऊन आली होती. सासूनं चिमूटभर साखर प्रेमावतीच्या तोंडात घातली, चिमूटभर विमलाच्या. प्रेमावतीनं विमलाकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. भीती होती, आणि त्या भीतीच्या तळाशी, क्षणभर, खरोखरची आशा होती, हे विमलानं पाहिलं. तिला तो चेहरा बघवेना. तोंडातली साखर विरघळत गेली आणि ती गिळावी लागली.

दोघी परतल्या. घराच्या पायरीवर प्रेमावतीनं खालच्या आवाजात विचारलं, "खरं नाही ना?"

"नाही."

"मग का...?"

विमला व्हॅनकडं वळली. ती बसली तेव्हा प्रेमावतीनं रिकाम्या पाट्यांत तांदूळ आणि नारळ घातले, रीतीप्रमाणं. सुदेश म्हणाला, "सगळां वाटून झालां? बेस झालां, वैनी." विमला म्हणाली, होय, सगळं. अस्नोड्यापर्यंत ती हिशेब करत राहिली, की आत्ताच फोन करून प्रेमावतीला सांगायचं, त्या बाईला सांगा, गैरसमज झाला. मग त्या विचारतील, मग अंकिता कुठाय? मग गौरेश कुठाय? एक मुरड सुटली की आख्खी नेवरीच उकलणार. कोलवाळच्या पुलावर तिनं ठरवलं, अंकिताला आधी आपणच सांगायचं. पुलाखाली नदी गढूळ, भरून वाहत होती, आणि काठ कुठला ते कळत नव्हतं.

ती पोचली तेव्हा दिवेलागणीला अजून वेळ होता. सदाशिव माटोळीची लाकडी चौकट पुसत होता. त्यानं विचारलं, "घेतलां?" ती म्हणाली, "घेतलां." तो परत पुसायला लागला.

अंकिता स्वयंपाकघरात मेजाशी बसली होती. पुढ्यात फोन. विमला दारात थांबली. वाटेत जुळवलेलं सगळं तिच्या ओठांवर होतं, गौरेश बोटीवर गेला, प्रेमावतीनं हात धरले, मी काहीच म्हटलं नाही. अंकितानं फोन तिच्याकडं सरकवला. गौरवीचा मजकूर होता. अभिनंदन, किती लपवलंस गो, तुझी आई आज काय खूश दिसत होती! खाली तीन हसरे चेहरे आणि एक पाळणा.

"तू सांगलंस?" अंकितानं विचारलं.

"मी काय एक बोलूक नाय गो. देवाशपथ. मी गप रवलंय."

"तांच तर," अंकिता म्हणाली.

ती रडत नव्हती. विमलाला वाटलं, ही रडली तर बरं होईल, मी जवळ घेईन. पण अंकिता फोनकडं बघत होती, शांतपणे, दुसऱ्या कुणाचा तरी दाखला वाचावा तशी.

"तो बोटीर गेलो," विमला एकदम म्हणाली. "पंचमीक."

"माका खबर आसा. जातना माकाय लिवन धाडलान. एक ओळ."

"मगे तू सांगूक कित्याक नाय?"

"सांगलंय मी, आई. आषाढात. तांदूळ निवडतना." तिनं मेजावरचा पिठाचा कण बोटानं टिपला. "चवथ झाली की वाड्यार सगळ्यांक सांगूचा, असा ठरयलेला मी. उजळ माथ्यान. नोकरी बघूची, नाव लावूचा आपला." मग तिनं मान वर केली आणि अगदी साध्या आवाजात, जणू पुढच्या सणाची यादी करत असल्यासारखं विचारलं, "आता नऊ म्हयन्यांनी काय धाडतलंस?"

विमलाचे हात हवेत थोडे उचलले गेले आणि तिथंच राहिले. काय करायचं ते त्यांना कळेना. आयुष्यभर ते कशाचे ना कशाचे काठ मिटवत आले होते.

अंकितानं फोन परत ओढून घेतला. विमलाला वाटलं, आता ही लिहील, सगळं खोटं आहे म्हणून, आणि तिला स्वतःचंच आश्चर्य वाटलं, की तिला तेच हवं होतं. लिही गो, ती मनात म्हणाली. लिही. मोठ्यानं म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. सदाशिव बाहेर चौकटीवर फडकं झटकत होता.

अंकितानं पडद्यावर बोट फिरवलं. तिनं लिहिलं, थँक्यू. आणि ते पाठवून दिलं.